तीन बोटांचा रकाना

इंदूरच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ आहे. शंभरेक खाटा, विश्वस्तांत जुनी मराठी घराणी आणि रुग्ण माळवा-निमाडभरचे: धार, देवास, खरगोन, झाबुआ. व्यवस्थापनाने एनएबीएचची मान्यता घ्यायचं ठरवलं तेव्हा ‘क्वालिटी’ची फाइल माझ्या टेबलावर आली. डॉक्टरांना कागद नको होते, मेट्रनबाईंना वॉर्डातून कुणी सोडेना, आणि आहारतज्ज्ञाला वेळच वेळ असतो हा रुग्णालयातला सार्वत्रिक समज आहे.

एनएबीएच ही रुग्णालयांचा दर्जा तपासून मान्यता देणारी, भारतीय गुणवत्ता परिषदेखालची संस्था, 2005 सालची. तिच्या मानकांत औषधं, संसर्ग, आग, नोंदी यांच्या जोडीला रुग्णाचे हक्क आणि शिक्षण असं एक प्रकरण आहे. रुग्णाला त्याच्या आजाराबद्दल, खाण्यापिण्याबद्दल, संसर्ग टाळण्याबद्दल त्याला कळेल अशा भाषेत सांगितलं का, आणि सांगितल्याची नोंद कुठे आहे, असं तिथे विचारतात. बाकी प्रकरणांना धनी होते. आगीचं मेंटेनन्सवाल्यांकडे, औषधांचं फार्मसीकडे, संसर्गाचं मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडमकडे. हे एक बेवारशी होतं. ते मी ठेवून घेतलं.

तोवर आमच्याकडे आरोग्याचा प्रसार कॅलेंडर बघून होत असे. 31 मे तंबाखूविरोधी दिन, ऑगस्टचा पहिला आठवडा स्तनपानाचा, 14 नोव्हेंबर मधुमेहाचा. नर्सिंगच्या मुली रांगोळी काढत, वैद्यकीय संचालक दोन शब्द बोलत, फोटो निघे, मग चहा आणि सामोसा. मधुमेहदिनालाही सामोसाच. जिन्याच्या कोपऱ्यांत कुणी थुंकू नये म्हणून देवांच्या टाइल्स बसवलेल्या होत्या: गणपती, साईबाबा, मक्का-मदिना, क्रूस, सगळे एका रांगेत. तंबाखूविरुद्ध आमचं कायमस्वरूपी धोरण म्हणाल तर तेवढंच. दोन वेळा ‘नो स्मोकिंग’च्या पाट्याही बदलल्या होत्या, कारण 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला कायद्याने बंदी आहे आणि पाटी नसली तर तपासणीत अडकायला होतं. पाटीखाली उभं राहून विडी ओढणाऱ्याला हटकायचं कुणी, हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

मी वाचायला लागले तेव्हा कळलं की रुग्णालयांनी हे काम आपलं कसं मानावं यावर बाहेर बरंच डोकं चाललेलं आहे. 1986 च्या ओटावा जाहीरनाम्यात आरोग्यसेवेने नुसत्या उपचाराच्या पलीकडे बघावं असं म्हटलं गेलं. पुढे व्हिएन्नातल्या रुडॉल्फश्टिफ्टुंग रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेचा नमुना प्रकल्प झाला, 1991 मध्ये बुडापेस्टचा जाहीरनामा आला, 1997 मध्ये व्हिएन्नाच्या शिफारशी, आणि त्यातून आरोग्यवर्धक रुग्णालयांचं आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं. त्यांची तेव्हाची पाच मानकं अशी. व्यवस्थापनाचं लेखी धोरण हवं. दाखल होणाऱ्याच्या सवयी आणि गरजा तपासायला हव्यात. त्याला माहिती आणि प्रत्यक्ष मदत हवी. कर्मचाऱ्यांसाठी कामाची जागा निरोगी हवी. आणि घरी गेल्यावरही धागा तुटता कामा नये. 2006 ची एक स्वमूल्यमापन पुस्तिका आहे, प्रत्येक प्रश्नापुढे होय, अंशतः, नाही. एका रविवारी बसून मी ती आमच्यासाठी भरली. ‘अंशतः’ हा रकाना फार दयाळू असतो. तो टाळून भरल्यावर पानंच्या पानं ‘नाही’.

ती घेऊन संचालकांकडे गेले. त्यांनी मनापासून चाळली, चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, “ताई, छान आहे हे. पण ऐच्छिक आहे ना?”

ऐच्छिक गोष्टीचं रुग्णालयात काय होतं हे तिथे काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. माणसं वाईट नसतात. सकाळी आठला जी सिस्टर ड्युटीवर येते तिच्यापुढे इंजेक्शनं असतात, ड्रेसिंग असतं, डिस्चार्ज असतात, बिलावरून भांडणारे नातेवाईक असतात. ऐच्छिक काम संध्याकाळपर्यंत तसंच राहतं आणि नाइटच्या सिस्टरला त्याचा ओव्हरदेखील, म्हणजे पाळी बदलताना द्यायचा निरोपदेखील, मिळत नाही.

पहिला धक्का पैशाने दिला, हे लाजण्यासारखं असलं तरी खरं आहे. 2018 च्या सप्टेंबरात आयुष्मान भारत सुरू झाली आणि आमच्या भागातला निम्मा रुग्ण कार्ड घेऊन यायला लागला. योजनेच्या पॅकेजचे दर ठरलेले, त्यात वाटाघाटी नाही. पण मान्यताप्राप्त रुग्णालयाला त्या दरावर वाढीव टक्के मिळायची तरतूद आहे. ट्रस्टचे सचिव निवृत्त बँक अधिकारी. सभेत मी धोरण, मानकं, व्हिएन्ना वगैरे सांगत होते तोवर ते चष्मा पुसत होते. वाढीव टक्क्यांचा विषय निघाला तसा त्यांनी अजेंड्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड सुरू केली, शेजारच्या विश्वस्तांना कागद दाखवला, आणि विचारलं, “ह्या रुग्णशिक्षणाच्या प्रकरणात नापास झालो तर सगळंच अडेल का?” अडू शकतं, असं मी म्हटलं. पुढच्या आठवड्यात मला कॉम्प्युटर मिळाला आणि अर्ध्या दिवसासाठी एक मुलगी मदतीला.

पैशाने एवढंच केलं. धोरणाचा कागद झाला, संचालकांची सही झाली, पत्रकं हिंदीत छापून आली. वॉर्डात फरक शून्य. सिस्टर डिस्चार्जच्या वेळी पत्रक हातात देत आणि वहीत रुग्णाचा अंगठा घेत. पत्रकं दुपारपर्यंत गेटबाहेरच्या कचरापेटीत. सुक्या कचऱ्याच्या पेटीत, हेही सांगते. इंदूर 2017 पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलंय, ओलं-सुकं इथे कुणी चुकत नाही. विनोद बाजूला ठेवला तर त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी होती. लोकांच्या सवयी बदलतच नाहीत असं आमचे डॉक्टर म्हणायचे, आणि त्याच शहरात घरोघरी कचरा वेगळा होत होता. गाडी रोज ठरल्या वेळी दारात येत होती आणि मिसळलेला कचरा घेत नव्हती, एवढंच कारण होतं त्याला.

मग मी डॉक्टरांच्या बैठकीत आकडे मांडले. 2016-17 च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात मध्य प्रदेशात 34.2 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात, पुरुषांत जवळजवळ निम्मे. आणि देशभरात डॉक्टरकडे जाऊन आलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी 48.8 टक्क्यांनाच सोडायचा सल्ला मिळाला होता. चघळणाऱ्यांत तर 31.7 टक्क्यांना. म्हणजे चघळणारा डॉक्टरसमोर बसून, तोंड दाखवून, काही न ऐकता परत जातो. माझ्या मते हा आकडा हादरवणारा होता. बैठकीत एक जण म्हणाले की सर्वेक्षण जुनं आहे, दुसरे म्हणाले ओपीडीत दोन मिनिटं मिळतात त्यात आणखी काय काय विचारायचं. अस्थिरोगवाले मोबाइल बघत होते.

तेव्हा आमचे भूलतज्ज्ञ बोलले. ते बैठकीत सहसा बोलत नाहीत. म्हणाले, “परवाची माझी ऑपरेशनची लिस्ट कशाने अडकली, माहीत आहे का कुणाला?”

खरगोनकडचा रुग्ण, पित्ताशयात खडे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरलेली. वय चाळिशीच्या आत. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ तपासायला गेले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, तुमचीच तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात घाला. धडधाकट माणसाची जातात. याचं दीड बोट आत गेलं आणि अडलं. गालाच्या आतलं अस्तर पांढरट, दोरीसारखं ताठ. शाळेत असल्यापासून गुटखा. गुटख्यावर मध्य प्रदेशात 2012 सालापासून बंदी आहे. दुकानात आता पानमसाल्याची पुडी आणि तंबाखूची पुडी शेजारी शेजारी टांगतात, मिसळण्याचं काम गिऱ्हाईक करतं. ताठरपणा मुख्यतः सुपारीमुळे येतो, म्हणून ‘मी तंबाखू नाही, नुसता मसाला खातो’ म्हणणाराही सुटत नाही. पूर्ण भूल द्यायची म्हणजे तोंडातून श्वासनलिकेत नळी घालायची. तोंडच उघडत नसेल तर रुग्ण जागा असतानाच बारीक दुर्बिणीने नाकातून वाट काढावी लागते. ते यंत्र मागवायचं, वेळ जाणार, आणि मधे श्वास अडला तर हातात फार थोडा वेळ असतो. त्या दिवशी मागचे दोन रुग्ण दुसऱ्या दिवसावर गेले. त्यांचे नातेवाईक काउंटरवर जे बोलले ते सगळ्या सर्जननी ऐकलं होतं.

“हे मला आदल्या रात्री कळतं,” भूलतज्ज्ञ म्हणाले. “तारीख देतानाच कळलं तर मी काहीतरी करू शकतो.”

आता अस्थिरोगवाल्यांनीही मोबाइल खाली ठेवला. लिस्ट सगळ्यांची असते. मी तिथेच जोडून दिलं की शस्त्रक्रियेआधी साधारण चार आठवडे धूम्रपान थांबवलं तर जखमेच्या, छातीच्या आणि हृदयाच्या गुंतागुंती कमी होतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाबरोबर मिळून सांगितलं आहे. हेच मी महिनाभर आधी ईमेलने पाठवलं होतं. मेल कुणी उघडलं नव्हतं, त्याचं मला नवलही वाटलं नाही.

ठरलं असं: पूर्वनियोजित शस्त्रक्रियेची तारीख ओपीडीतून दिली की त्याच टेबलावर दोन गोष्टी केसपेपरवर लिहायच्या. तोंड किती बोटं उघडतं, आणि काय चघळतो किंवा ओढतो. दुसऱ्यात काही असेल तर रुग्ण माझ्या टेबलाशी येणार, शक्य असेल तर तारीख चार आठवड्यांपुढची.

केसपेपरवर रकाना वाढवणं ही विश्वस्तांकडून पैसे काढण्याहून अवघड गोष्ट निघाली. सर्जिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या, वीसेक वर्षं इंदुरात, हिंदी-मराठी दोन्ही फर्डी. त्यांनी नमुना हातात घेतला आणि सरळ म्हणाल्या, “मॅडम, एक वाढवायचा तर एक काढा. माझ्या मुली आधीच लिहूनच मरतात.” आम्ही दोघी मग दाखल होतानाचे सगळे फॉर्म घेऊन बसलो. रुग्णाचं वजन तीन ठिकाणी, पत्ता चार ठिकाणी, ‘कुठली ऍलर्जी?’ दोन ठिकाणी. ऍलर्जी तशीच ठेवली, वजन आणि पत्ता प्रत्येकी एका ठिकाणी आणला, आणि आमचे दोन रकाने बसले. त्यानंतर त्या सिस्टर या कामाच्या सगळ्यात मोठ्या पाठीराख्या झाल्या. तंबाखूचं त्यांना काय वाटतं ते मी कधी विचारलं नाही. त्यांच्या मुलींचं लिहिणं आधीपेक्षा कमी झालं होतं.

माझ्या टेबलापाशी जे संवाद होतात ते बहुतेक एकाच वळणाचे. “कब से खा रहे हो?” “छोड़ दिया, मॅडम.” “कब?” “आज सुबह.” आणि बायको मागून: “अभी नीचे ठेले पे खाके आए हैं.” भाषणाचा उपयोग नाही हे लवकर कळलं. तारखेचा उपयोग होतो. ज्याला महिन्याने ऑपरेशन आहे तो घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्या माणसाला धरायला एक सोपी गोष्ट हवी असते. त्याला मी आरशात त्याचंच तोंड दाखवते, बोटं घालून बघायला सांगते, 1800-11-2356 हा सोडायला मदत करणारा सरकारी क्रमांक त्याच्याच पुडीवर छापलेला असतो तो वाचायला लावते, आणि रोज सकाळी हाच प्रयोग करायला सांगते. तोंड महिन्याभरात पूर्वीसारखं उघडत नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर लोक फसवल्यासारखं समजतात. किती जण कायमचे सुटतात? थोडे. शस्त्रक्रियेपर्यंत तरी लांब राहणारे बरे असतात, आणि भूलतज्ज्ञांना आदल्या रात्रीचे धक्के आता क्वचित बसतात. माझं टेबल अजून टिकलंय ते या दुसऱ्या कारणामुळे.

प्रसूतिविभागात गोष्ट उलट्या दिशेने गेली. तिथे कायदा आधीपासून भक्कम आहे. बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात, भेटवस्तू, फुकट नमुने हे सगळं 1992 च्या कायद्याने बंद, 2003 च्या दुरुस्तीने आणखी घट्ट. बाळस्नेही रुग्णालयाची जागतिक मोहीम 1991 ची. तरी सिझेरियननंतर बाळ नर्सरीत, आई रिकव्हरीत, आणि मधल्या वेळात नातेवाईक खालच्या दुकानातून डबा आणत. जन्मानंतर पहिल्या तासात आईचं दूध पाजण्याचं महत्त्व सगळ्यांना तोंडपाठ होतं. बाळ आईकडे नेऊन लावायचं कुणी, हे मात्र ठरलेलं नव्हतं: लेबर रूमची सिस्टर म्हणे नर्सरीचं काम, नर्सरीची म्हणे आमच्याकडे माणूस नाही. मेट्रनबाईंनी एका दुपारी रोस्टरवर एक नाव लिहिलं, प्रत्येक पाळीला एक, आणि प्रश्न मिटला. एवढंच. उरल्या आज्या. सोन्याच्या अंगठीने मध चाटवल्याशिवाय नातवाला दूध पाजू न देणाऱ्या आज्या मराठी घरांत अजून आहेत, आणि त्यांच्याशी डॉक्टरांनी बोलून फायदा नसतो. आमच्या एका मावशी आहेत, आया म्हणून लागल्या, स्वतः चार नातवंडांच्या आजी. त्या म्हणतात, “आजी, अंगठी बाळाच्या मुठीत लावा, तोंडाला नको, डॉक्टर मला ओरडतात.” दहातल्या आठ आज्या ऐकतात. हे कुठल्या मानकात बसवायचं ते मला कळलेलं नाही.

कर्मचाऱ्यांचं चौथं मानक मात्र आमच्याकडे लंगडंच आहे. हिपॅटायटिस बीची लस सगळ्यांना दिली, कारण परीक्षक तिची नोंद बघतात. वार्षिक तपासणी होते, तीही कागद लागतो म्हणून. त्या तपासणीत नाइट करणाऱ्या सिस्टरांचे रक्तदाब वाढलेले दिसले, तेव्हा पुढे काय करायचं यावर कुणाकडे उत्तर नव्हतं, कारण उत्तर म्हणजे आणखी माणसं घेणं. त्या ओळीवर फाइलमध्ये ‘समुपदेशन केले’ असं लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे.

परीक्षक आले आणि दोन दिवसांत गेले. फायली त्यांनी पाहिल्याच, पण मला जे अनपेक्षित होतं ते असं की एक मॅडम सरळ जनरल वॉर्डात जाऊन धारच्या एका बाईंच्या खाटेवर टेकल्या आणि विचारलं, घरी गेल्यावर काय खायचं, काय नाही, कुणी सांगितलं का? बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, “इन्होंने बताया, भाकरी चलेगी, आलू कम.” सबंध महिन्यात माझ्या कामाची झालेली ती एकमेव खरी तपासणी, आणि ती एका मिनिटात उरकली. मान्यता मिळाली. मिठाई वाटली.

मिठाईनंतरच्या महिन्यांत कोणत्या गोष्टी गळतात हे बघणं मला जास्त शिकवून गेलं. पत्रकं पहिल्यांदा गेली, छपाईचं बिल कुणी पुढे पाठवेना. धोरणाचा कागद फ्रेममध्ये आहे, वाचत कुणी नाही. डिस्चार्जनंतरचे फोन बंद पडले, कारण ते रिसेप्शनच्या मुली ‘वेळ मिळेल तसे’ करणार होत्या. तोंडाच्या बोटांचा रकाना चालू आहे. पहिल्या तासाचं रोस्टर चालू आहे. संचालक बदलले तरी दोन्ही चालू राहिली. तैवानमध्ये आरोग्यवर्धक रुग्णालयांचं जाळं फार मोठं झालं, त्यामागे तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेचं पाठबळ आहे. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत 2015 पासून कायाकल्प पुरस्काराने असंच काहीसं केलं, स्वच्छतेचे गुण आणि रोख बक्षीस. खासगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांना असा धक्का योजनेच्या दरातून आणि मान्यतेतून येतो, आणि तो दारापर्यंतच पोचतो. आत वॉर्डात मेट्रनबाईंचं रोस्टर आणि भूलतज्ज्ञांची लिस्ट चालते.

फोनचं काम मी परत सुरू करायच्या मागे आहे. रिसेप्शनकडून काढून फिजिओथेरपीतल्या मुलीकडे द्यायचं, तिला दुपारी दोन ते तीन रिकामा वेळ असतो आणि गुडघ्याच्या रुग्णांना तिचा फोन हवाच असतो. तिच्या प्रमुखांनी तो तास लिहून द्यायला हवा, तेवढं बाकी आहे.

आणि कँटीन. ठेका मार्चमध्ये संपतो. नवीन टेंडरच्या अटींत मी ताकाचे दर, तळणाच्या तेलाचा पुनर्वापर आणि सकाळच्या खाण्यात एक न तळलेला पदार्थ असं घातलं आहे. सध्याचे ठेकेदार भिया भेटून गेले. पोह्यांवरची शेव निम्मी करायला तयार आहेत, वर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याला हात लावायचा नाही म्हणाले, आणि कचोरी काढली तर भाडं कमी करावं लागेल. मी सचिवांना सांगितलं. ते म्हणाले, किती कमी, आकडा आणा. कचोरी दिवसाला किती खपते ते मोजायला अर्ध्या दिवसाच्या मुलीला कालपासून काउंटरपाशी बसवलं आहे.